उघड्या दारांची गोष्ट

डिसेंबरात मुक्तिदिन जवळ आला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. यंदा तो मला आमच्याच वाड्यावरच्या एका काकांनी धाडला. मजकूर थोडक्यात असा: पोर्तुगीज काळात लोक दारं उघडी टाकून झोपत, कारण मानवाधिकारांचे लाड नव्हते. हक्क गुन्हेगारांच्याच कामी येतात. हे पाश्चात्त्य खूळ. आपल्याकडे आधी कर्तव्य, मग हक्क. मुक्तीनं दिली ती नुसती भांडणं.

दारं उघडी असतीलही. माझी आजी तसंच सांगायची. वाड्यावर सगळे एकमेकांना ओळखत, आणि घरात चोरण्यासारखं होतं काय? तांब्याचं भाण आणि चार पोती भात. पण आजी आणखी एक सांगायची, ते या संदेशात नाही: लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवूनच छापावी लागे. मुहूर्त, कुलदेवता, वधूवरांची नावं. यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला धोका कसला, देव जाणे. वर्तमानपत्रांवरही तोच पहारा. बातमीच सरकारला विचारून छापली जात होती, तर गुन्हे नव्हते हे आपल्याला कळलं कुठून?

आता गुन्हेगार. त्या राजवटीत गुन्हेगार कोण होता? 18 जून 1946 रोजी मडगावात राममनोहर लोहियांना पकडलं ते विनापरवाना सभेत बोलायला उभे राहिले म्हणून. मागणी नागरी स्वातंत्र्याची होती. त्याच वर्षी गोव्यातले स्वातंत्र्यलढ्याचे नेते टी. बी. कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. आठ वर्षांची शिक्षा देऊन त्यांना थेट पोर्तुगालच्या पेनीश किल्ल्यात पाठवलं. म्हणजे गुन्हेगार कोण, हे पकडणाराच ठरवणार असेल तर उद्या तो तुम्हीही असू शकता. घटनेचं कलम 22 म्हणतं की अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करा. यात लाड कुठले? चोर सोडून द्या असं त्यात कुठेच नाही. चोर तोच आहे ना, हे चौकीबाहेरच्या कुणीतरी तपासावं, एवढंच आहे.

आमच्या काकांचंच घ्या. रविवारच्या ग्रामसभेत सगळ्यात चढा आवाज त्यांचा. मागल्या खेपेला डोंगरकापणीचा विषय होता. प्लास्टिकच्या पिशवीतून माहिती अधिकारात मिळवलेले कागद काढले, चष्मा कपाळावर चढवला आणि सरपंचांना अर्धा तास घाम फोडला. घरी येऊन जेवले आणि हा संदेश पुढे ढकलला! 1946 साली एवढ्यावर त्यांनाही उचललं असतं.

पाश्चात्त्य म्हणाल तर सालाझार कुठला होता? आणि 1948 च्या मानवाधिकारांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’च्या जागी ‘सर्व माणसं’ आणणाऱ्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता आपल्याच. कर्तव्यांचं म्हणाल तर घटनेत हक्क आले 1950 साली, मूलभूत कर्तव्यं आली 1976 साली, आणीबाणी चालू असताना. मला कर्तव्यांचं वावडं नाही. पण ‘आधी कर्तव्य’ हे बहुधा दुसऱ्यालाच सांगितलेलं ऐकतो.

राहिली भांडणं. ती झाली, आणि आमच्या घरानं मनापासून केली. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात आमची सगळी मतं फुलाला, म्हणजे महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला. दोन पानं, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याची बाजू, 34,021 मतांनी जिंकली. आजोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पानंवाल्या शेजाऱ्याच्या सोप्यावर जाऊन तावातावानं भांडले, त्याच्याकडचा चहा पिऊन घरी आले. रेजिदोराचा, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या गावच्या अधिकाऱ्याचा, माणूस काही त्यांना बोलवायला आला नाही.