काका, हे हनुवटीसाठी ना?

परवा भर लायनीत मागच्या बाईंनी माझ्या खांद्यावर टकटक करून विचारलं, "काका, हे हनुवटीसाठी ना?" ते वाक्य अजूनही आठवलं की माझा जबडा आवळतो, आणि तो सैल व्हावा म्हणून तर मी तो सगळा उद्योग करत होतो.

झालं असं, की मी झोपेत दात खातो. मला माहीतच नव्हतं. बायकोला वाटायचं घरात उंदीर शिरलाय. सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची, उजवा कान दुखायचा. कानाच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, कान उत्तम. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दात झिजलेत, कानाच्या पुढचा जबड्याचा सांधा आणि त्याचे स्नायू धरलेत, रात्री नाईट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं कव्हर, घाला, फिजिओकडे जा, आणि हो, स्ट्रेस घेऊ नका. आता ह्या शेवटच्याला काय म्हणायचं? स्ट्रेस काय मी पिशवी घेऊन आणायला जातो का?

फिजिओ मात्र कामाची निघाली. म्हणाली, गालांवर बोटं ठेवा आणि दातावर दात दाबा. टणक गोळा वर आला ना, तो मॅसेटर. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत जातो, चावायचं मुख्य काम त्याचं. आता दाबणं सोडा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि दोन-तीन बोटं हळूहळू गोल फिरवत वरून खाली या, दुखरी जागा लागली की तिथे अर्धा मिनिट थांबा, मग पुढे. दुखणं "हं, बरं वाटतंय" ह्या जातीचं हवं, "आई गं" ह्या जातीचं नको. मग कानशिलं. संध्याकाळी कोमट ओल्या टॉवेलचा शेक, पंधरा मिनिटं. आणि दिवसभर ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला. चावणं-गिळणं सोडलं तर वरच्या आणि खालच्या दातांनी एकमेकांना भेटायचंच नाही म्हणे. माझे तर चोवीस तास गळाभेटीत.

हे लक्षात राहावं म्हणून तिने मोबाईलवर दर दोन तासांनी अलार्म लावायला सांगितला. मी लावला आणि त्याला नाव दिलं "दात सोड".

तर परवा एका ओळखपत्राच्या कामासाठी लायनीत उभा होतो. माझा नंबर चौसष्ट, आत चालू एक्केचाळीस. अलार्म वाजला. म्हटलं नाहीतरी वेळच आहे. डोळे मिटले, तोंड जरासं उघडलं आणि दोन्ही गाल चोळायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात ती टकटक.

काका! त्या बाई माझ्याच वयाच्या, त्यांनी केस रंगवलेत आणि मी नाही एवढाच काय तो फरक.

"नाही, जबडा," मी म्हटलं, पण जीभ टाळूला असल्यामुळे ते "अअडा" असं काहीतरी बाहेर आलं.

"आमच्या ह्यांचं पण सेम. हनुवटीखाली अजून एक हनुवटी. किती सांगितलं काहीतरी करा, पण करतील तर शपथ. तुम्ही निदान करताय तरी."

"अहो, माझा जबडा दुखतो."

"दुखणारच. चरबी सुटताना दुखतंच."

एवढं बोलून बाईंनी हातातली फाईल काखेत मारली आणि स्वतःचे गाल चोळायला लागल्या. "खालून वर की वरून खाली?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या पोळपाट घासल्यासारखं चोळत होत्या, मला बघवेना. म्हटलं, "वरून खाली. आणि एवढं जोरात नको."

"मग वितळणार कशी?"

आता पुढचे आजोबा वळले. चोळून काही होत नसतं, चालावं लागतं, मी रोज पाच किलोमीटर चालतो, असं म्हणून त्यांनी मान तिरकी करून स्वतःची हनुवटी आम्हाला दोन्ही बाजूंनी दाखवली. एका पोराने कानातले इअरफोन न काढताच सल्ला दिला, "सर, जॉलाइनसाठी कडक गम मिळतो, तो चघळा." बाबा रे, माझ्या बंदीच्या यादीत पहिलं नावच च्युइंग गमचं आहे! पण ऐकतो कोण, माझी हनुवटी आता सार्वजनिक चर्चेचा विषय झाली होती आणि मला सोडून सगळ्यांचं त्यावर मत होतं.

एक सांगू का, पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं, कोणीतरी बसायला जागा दिली असती. जबडा दुखतो म्हटलं की लोक हसतात, "मग कमी बोला." ऑफिसात तर हा विनोद मी चार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलाय आणि प्रत्येकाला वाटतं तो आपल्यालाच सुचला. जांभई आली तरी मी मूठ हनुवटीखाली धरतो, तोंड जास्त उघडू नये म्हणून. मोठा घास घेतला की कानापाशी कट्ट होतं. वर सगळ्यांना हसून दाखवायचं, ते वेगळंच.

आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे सारखे दात आवळून हा मॅसेटर खरंच फुगतो, व्यायामाने दंड फुगतात तसा, आणि चेहरा खालून रुंद दिसायला लागतो. म्हणजे बाईंना काहीतरी दिसलं होतंच! फक्त ती चरबी नाही, तो स्नायू आहे, कमावलेला, रात्रंदिवस मेहनत करून. हे मी त्यांना समजावणार तेवढ्यात चौसष्ट नंबर पुकारला.

खिडकीतल्या माणसाने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. "फोटो फार जुना आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "करतायत हो ते, व्यायाम करतायत!"

काम झालं. बाहेर पडेपर्यंत कानशिलं अशी ठणकायला लागली की कोणीतरी खरंच कानशिलात दिल्यासारखं वाटत होतं.

रात्री टॉवेल गरम केला, आरशासमोर बसलो, मॅसेटर झाला, कानशिलं झाली. मग हात सहज हनुवटीखाली गेला. तसं काही लागलं नाही. म्हणजे मान वर केल्यावर नाही लागलं.