बिलोशेठ

आमच्या धंद्यात माणूस नावाने नाही, टक्क्यांनी ओळखला जातो. फुटपाथला ब्लॉक बसवायचं टेंडर निघालं की मी अंदाजपत्रकाच्या पाच टक्के बिलो, म्हणजे खाली, जातो आणि रात्रभर कूस बदलतो. सहकारनगरचे आमचे एक स्पर्धक सरळ सव्वीस टक्के बिलो जातात आणि घोरतात. मी त्यांना बिलोशेठ म्हणतो. फार खाली गेलं की जादा सुरक्षा अनामत भरावी लागते, तीही ते हसत भरतात. सिमेंटचा भाव दोघांना एकच, खडी दोघांचीही वाघोलीची. मग या गृहस्थांना परवडतं कसं?

भाचा म्हणाला, "मामा, सरकारी खर्च सगळा उघडा असतो. बघा की." असतो खरा. राज्याची टेंडरं महाटेंडर्स या संकेतस्थळावर, केंद्राची खरेदी २०१६ पासून जेम या सरकारी ऑनलाइन बाजारावर. कोण आलं, कोण तांत्रिक लिफाफ्यातच गळालं, एलवन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, कोण, सगळं. फक्त अशा कुठल्याही दाराशी आधी कॅप्चा उभा असतो. त्यातलं एक अक्षर ओ की शून्य, यावरून घरात दोन तट पडले. बायको म्हणाली, "अहो, आधी चष्मा लावा." चष्मा सापडेपर्यंत सेशन संपलं.

पुढे एका कार्यालयाचा (नाव कशाला!) तुलनात्मक तक्ता हाती लागला. स्कॅन करताना कागद आडवा ठेवलेला. मान मोडून वाचला, तर माझा दर ठसठशीत आणि बिलोशेठच्या दरावर नेमका गोल शिक्का. एवढ्या कोऱ्या कागदावर साहेबांना तीच जागा बरी सापडली.

मग २००५चा माहिती अधिकार काढला. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि बिलोशेठच्या कामाची बिलं नि एमबीच्या, म्हणजे मोजमाप वहीच्या, प्रती मागितल्या. खरी गंमत एमबीतच असते, मोजमापं तिथे लिहिलेली असतात. टेंडरात गेलेले टक्के 'एक्स्ट्रा आयटम' होऊन कसे परत येतात, तेही तिथेच दिसतं. उत्तराची मुदत तीस दिवस. मी गुपचूप वाट बघत बसलो.

गुपचूप! याच कायद्यात कलम ११ आहे. माहिती त्रयस्थाची असेल आणि त्याने ती गोपनीय मानली असेल, तर कार्यालय आधी त्यालाच लेखी विचारतं, बाबा रे, तुझी हरकत आहे का? एवढी सभ्य हेरगिरी जगात कुठे चालत नसेल.

अमृततुल्यात बिलोशेठ ते पत्र घेऊनच आले. "अहो, फोन करायचात! मी हरकत नाही म्हणून कळवलंय. तुमच्या एमबी मी केव्हाच काढल्यात. स्कॅन अगदी सरळ आलाय हो."

आता लाज कसली? विचारलंच. "ते राहू द्या. तुमच्याकडे कॅप्चा कोण भरतं?"

"त्याला एक पोरगा ठेवलाय," बशीत चहा ओतत ते म्हणाले. "त्याचा पगार धरूनच सव्वीस."