घरकुलाची यादी ‘खासगी’ कधीपासून झाली?

फिरणारा मजकूर साधारण असा आहे: ‘नवा डेटा कायदा आला. आता ग्रामपंचायत असो की नगरपालिका, कोणाचीही माहिती देता येणार नाही, लाभार्थ्यांची नावंसुद्धा नाहीत. दिली तर २५० कोटी दंड. माहितीचा अधिकार संपला.’

यातलं खरं आधी मान्य करू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. पूर्वी नकार द्यायचा तर या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असा आधार लागायचा. आता ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ एवढं पुरतं. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारू नये, ही तरतूदही गेली. नुकसान मोठं आहे.

पण ‘अधिकार संपला’? माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) जागेवर आहे. उघड करण्यातलं सार्वजनिक हित होणाऱ्या हानीपेक्षा जास्त असेल, तर एरवी नाकारता येणारी माहितीही देता येते. अर्जाचं कारण सांगण्याची सक्ती आजही नाही. तरीही यापुढे ते चार ओळींत लिहिलेलं बरं, अपिलात उपयोगी पडतं.

लाभार्थ्यांच्या नावांचा मुद्दा तर साफ चुकीचा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मधल्या १७ बाबी कार्यालयाने कुणी न मागताच जाहीर करायच्या असतात. त्यांत अनुदानाच्या योजनांमधल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील येतो, कर्मचाऱ्यांचं मासिक वेतनही येतं. या कलमाला नव्या कायद्याने हात लावलेला नाही. उलट त्याच्याच कलम ३ मध्ये म्हटलंय की कायद्याच्या बंधनामुळे जी वैयक्तिक माहिती जाहीर केली जाते, तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे ज्याच्या आडून यादी लपवली जाते, तोच कायदा या यादीतून अंग काढून घेतो! घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचायची ती यासाठीच. यादीत मयताचं नाव आहे की दुमजली घरवाल्याचं, हे गावाला कळतं, संगणकाला नाही.

२५० कोटींचा आकडा खरा, पण ती कमाल मर्यादा आहे आणि डेटा सुरक्षित ठेवण्यात कसूर करणाऱ्यासाठी आहे. माहिती अर्जाला उत्तर देणाऱ्यासाठी नाही. शिवाय ती जबाबदारी लागू व्हायची आहे मे २०२७ मध्ये. जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्याने, खरं तर दुसऱ्या २५० ची काळजी करावी: वाजवी कारणाशिवाय माहिती अडवली तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार, तेही स्वतःच्या खिशातून.

मग झाकायचं काय? आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर, आजार. आधार क्रमांक जाहीर करायला आधार कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहेच. तरी सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं आधार क्रमांकासकट झळकली होती, हे २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानेच सांगितलं. आणि कसं झाकायचं, हे नगरपालिकांना नवीन नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्यात नोंदवहीत शोध घेऊन उतारा मागण्याची मुभा कुणालाही दिली, मात्र त्यावर मृत्यूचं कारण द्यायचं नाही असं बजावलं. एकाच नोंदीतला एक रकाना उघडा, दुसरा बंद.

आज बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं दिसतं. यादी कपाटात आणि आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा टेबलावर.

तेव्हा अर्जातच एक ओळ घाला: ‘आधार क्रमांक, बँक खाते व मोबाइल क्रमांक वगळून, माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार उर्वरित माहिती द्यावी.’ तरीही नकार आला तर ३० दिवसांत प्रथम अपील करा.