स्पर्शाचा वाटा दीड टक्का? कोणी मोजला?

माझी बहीण बालवाडीत शिकवते. तिच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: माणसाला 83 टक्के ज्ञान डोळ्यांनी मिळतं, स्पर्शाने फक्त दीड टक्का, डोळा एक सांगतो आणि हात दुसरं, तेव्हा मेंदू डोळ्याचंच ऐकतो, हाताला काय लागेल ते डोळ्याला उपजतच कळतं, म्हणून मुलांना वस्तू हाताळायला देऊ नका, स्क्रीनवर दाखवा. एवढ्यावरून तिच्या शाळेत पॉलिश पेपर, मखमल, गोणपाटाच्या तुकड्यांची पेटी अडगळीत टाकायचं चाललंय. संताप येतो.

आधी ते टक्के. ज्ञान कोणत्या मापाने मोजलं, कोणावर मोजलं, याचा मेसेजमध्ये पत्ता नाही. आणि असा एकच आकडा निघणारच नाही, कारण काम बदललं की वाटा बदलतो. रंग हाताला कधीच कळणार नाही. पण 2013 मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवलं की बोट फिरवलं तर सुमारे 13 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) उंचीच्या सुरकुत्याही गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखता येतात. डोळ्याला इतकी बारीक सुरकुती दिसत नाही. बोट फिरवताना त्वचेत कंपनं उठतात, बारीक पोत त्यांतून कळतो. स्क्रीनच्या काचेवर बोट फिरवून लागते ती काच, चित्रातलं गोणपाट नव्हे.

डोळ्याचंच ऐकतो म्हणे! यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागतं. 1964 मध्ये रॉक आणि व्हिक्टर या मानसशास्त्राच्या संशोधकांनी लोकांना चौरस हाताळायला दिला आणि भिंगातून तो आयत दिसेल अशी सोय केली. लोकांनी दिसला तोच आकार सांगितला. पण तो आकार होता. पोताबद्दल कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञ सुझन लेडरमन आणि सहकाऱ्यांचं 1986 चं काम वाचा. दिसतो एक पृष्ठभाग, बोटाखाली दुसराच. कण किती दाट आहेत असं विचारलं की लोक डोळ्यावर जास्त भिस्त ठेवत. किती खरखरीत आहे असं विचारलं की हातावर. म्हणजे मेंदू प्रश्न बघून कौल देतो.

राहिलं ते 'उपजतच'. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या काही मुलांवर भारतात 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. 2011 च्या त्यांच्या अभ्यासात, दृष्टी आल्याआल्या मुलांना हाताने चाचपलेली वस्तू नुसती बघून नीट ओळखता आली नाही. काही दिवसांत जमू लागलं. हाही आकाराचाच प्रयोग, पण डोळा आणि हात यांची सांगड अनुभवाने बसते हे त्यातून स्वच्छ दिसतं.