‘फॅन म्हणजे कमी डोक्याचे’ हे कोणी सिद्ध केलं?

“सेलिब्रिटींच्या मागे वेडे होणाऱ्यांची बुद्धी कमी असते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. असं वेड हा एक आजारच आहे.” हा मेसेज अधूनमधून फिरत असतो. मागच्या महिन्यात तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. माझ्या सोळा वर्षांच्या भाचीने तो वाचला, बोलली काहीच नाही. संध्याकाळी तिने आवडत्या गायिकेचं पोस्टर भिंतीवरून काढलं आणि गुंडाळून कपाटावर टाकलं. भिंतीवर टेपचे चार चौकोनी डाग राहिले. म्हणून हे लिहायला बसले.

आधी ‘सिद्ध केलंय’ याबद्दल. मेसेजमागचा अभ्यास खरा आहे. ‘बीएमसी सायकॉलॉजी’ या नियतकालिकात २०२१ साली तो छापून आला. त्यात हंगेरीतल्या १,७६३ प्रौढांची पाहणी केली होती. ज्यांना सेलिब्रिटींची ओढ जास्त, त्यांचे चाचण्यांतले गुण कमी आले. शिक्षण, उत्पन्न वगैरे हिशेबात धरल्यावरही. इथवर ठीक. पण गुणांतल्या फरकामागे या ओढीचा वाटा मर्यादितच आहे, असं संशोधकांनी त्याच निबंधात लिहिलंय. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं तेच गाळलं. शिवाय एकदाच केलेल्या पाहणीतून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. चिंतेने पोखरलेला माणूस चाचणीतही मागे पडेल आणि पडद्यावरच्या चेहऱ्यात आधारही शोधेल. मग दोष बुद्धीला कसा द्यायचा?

‘बुद्धी’ म्हणून तरी काय मोजलं? एक शब्दसंग्रहाची चाचणी आणि एक अंकांना ठरलेली चिन्हं भराभर जुळवण्याची. दोन्ही उपयोगाच्या आहेत, पण अख्खी बुद्धी त्यांच्यात मावत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘वेडे’ हा शब्द. मानसशास्त्रज्ञ लिन मॅककचन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ही ओढ मोजण्याची प्रश्नावली मांडली, आणि हंगेरीतल्या पाहणीतही तीच पद्धत होती. तिच्यात साधारण तीन थर दिसतात. पहिल्यात आवडत्या नटाबद्दल मित्रांशी गप्पा मारायला मजा येते, एवढंच. दुसऱ्यात तो नट म्हणजे आपला जिवाभावाचा सोबती वाटतो, त्याचे विचार नको तेव्हाही डोक्यात येत राहतात. तिसऱ्यात एक विधान असं आहे की त्याने बेकायदा काम सांगितलं तर मी बहुधा करेन. शेवटचं विधान वाचून अंगावर काटा येतो, पण तिथवर फार थोडे पोचतात. मेसेजने मात्र गाणी पाठ करणारी पोरगी आणि नटाच्या घरावर पाळत ठेवणारा माणूस यांना एकाच रांगेत उभं केलं.

‘आजार’ म्हणाल, तर ‘सेलिब्रिटी वर्शिप सिंड्रोम’ हे नाव वर्तमानपत्रांत गाजलं, पण मनोविकारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या डीएसएम नावाच्या ग्रंथात असा आजार नाही. न भेटलेल्या माणसाशी ओळख असल्यासारखं वाटणं तर मुळीच आजार नव्हे. हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ सालीच, रेडिओ-टीव्हीच्या श्रोत्यांबद्दल लिहिताना, त्याचं वर्णन केलं होतं.

मेसेजमध्ये काळजीची खरी बाब असू शकली असती, ती तो लिहिणाऱ्याला दिसलीच नाही. दुसऱ्या थरातल्या लोकांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, असं ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ जॉन मॉल्टबी यांच्या अभ्यासांत दिसलंय. उलट बाजूही आहे. स्वतःबद्दल फारसं चांगलं न वाटणाऱ्यांना आवडत्या सेलिब्रिटीचा नुसता विचार केल्यावर आपण हवे तसे होण्याच्या थोडे जवळ गेलो असं वाटतं, हे २००८ सालच्या एका अभ्यासात आढळलं. म्हणजे जो आधीच खचलाय, तोच या आधाराला धरून असू शकतो. त्यालाच आपण ‘कमी डोक्याचा’ म्हणतो, तेही चारचौघांत. याचा मला मनापासून राग येतो.

काल भाचीला सहज विचारलं, त्या गाण्यांत तुला काय सापडतं गं? ती म्हणाली, “मावशी, रात्री झोप लागत नाही ना, तेव्हा तिचा आवाज असला की खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं.”

झोप कधीपासून लागत नाही, हे मी त्यानंतर विचारलं. आम्ही दीड तास बोलत बसलो होतो.