रिकामी बोलेरो मागून उडते, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय की मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकूनही बोलेरो रिकामी असली की मागून उडतेच, मेव्हण्यांच्या स्विफ्टमध्ये काहीच जाणवत नाही, म्हणजे आम्ही हलका माल बसवला. वाचून वाईट वाटलं. पण मागे तुमच्या आई बसतात, तेव्हा तुमचा राग मला कळतो.

तुमचे जुने शॉकअप मी ठेवलेत. डावा हाताने दाबला की सरळ आत जातो आणि तिथेच राहतो, अंगभर तेल गळलेलं. तो बदलावाच लागणार होता. पण गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, पाटे पेलतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाट्यांनी उसळी घेतली की ती लगेच जिरवायची, एवढं शॉकअपचं काम. खड्ड्यातून निघाल्यावर आता गाडी डुलत राहते का, बघा. राहत नसेल तर ते काम झालंय. उरलाय तो दणका, आणि तो पाट्यांचा.

बोलेरोला मागे एकच अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलतं, आणि डिफरन्शियलसकट (चाकांना ताकद वाटून देणारा मधला गिअरचा गोळा) सगळं जड धूड वर-खाली होतं. पाटे भरल्या गाडीच्या हिशोबाने कडक असतात, रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत. स्विफ्टला मागे कॉइल स्प्रिंग, म्हणजे वेटोळ्यांची स्प्रिंग, आणि दोन्ही बाजू जोडणारा आडवा टॉर्शन बीम. तो बीम पिळला जातो, म्हणून एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे कमी जातो. तुमच्या बोलेरोलाही पुढे कॉइल आहेत, दोन्ही चाकं स्वतंत्र चालतात. पुढच्या सीटवरून तक्रार नाही ती त्यामुळेच.

फोनवर तुम्ही विचारलंत, पाटे काढून कॉइल बसवाल का? नाही बसवणार, कितीही पैसे दिलेत तरी. पाटे वजन तर घेतातच, वर अ‍ॅक्सलला जागेवरही धरून ठेवतात. कॉइल फक्त वजन घेते. स्कॉर्पिओला मागे अखंड अ‍ॅक्सलवर कॉइल आहेत, पण तो अ‍ॅक्सल धरायला कंपनीने वेगळ्या लिंक दिल्यात. तशा लिंक बोलेरोच्या चासीला कुठेतरी वेल्डिंग करून जोडायच्या आणि त्या गाडीत घरची माणसं बसवून माळशेज घाट उतरायचा? माझ्या हातून ते होणार नाही.

आता माझी चूक. तुमच्या पाट्यांत दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा आहे, रंगावरून लगेच ओळखू येतो. टोमॅटोचे क्रेट भरण्यासाठी आधी कुणीतरी टाकलेला. मला तो काम करतानाच दिसला होता. सीझनला लागत असेल म्हणून हात लावला नाही, पण तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, त्याबद्दल माफी मागतो.

मंगळवार सोडून कधीही या, गाडी रिकामी आणा. दोन्ही जादा पाटे काढून देतो, शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश तपासतो, टायरची हवा बघतो. मजुरी घेणार नाही. मग मागच्या सीटवर मी बसतो, तुम्ही ओतूरपर्यंत चालवा. स्विफ्टसारखी होणार नाही, पण फरक आईंना जाणवेल.