मज्जारज्जूच्या दुखापतीवरील ‘इंजेक्शन’बाबत खुलासा

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजनुसार, मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मुख्य नसेला) इजा झालेला माणूस स्टेम सेलच्या (इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) इंजेक्शनाने चालू लागतो. पैसे मात्र आगाऊ. हे खोटं आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या दुखापतीसाठी स्टेम सेल फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच (संशोधनासाठीच्या प्रयोगातच) वापरता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. शेत विकायला निघालेल्यांनो, आधी चाचणीची सीटीआरआय (वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी मागा. जीव वाचवते ती रोजची काळजी: अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, कारण सतत दाब पडून बधिर भागावर होणारी जखम कळतच नाही. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ठरावीक वेळेला नळीने लघवी काढणं. फिजिओथेरपी तर हवीच, ती या मेसेजमुळे बंद करू नका.